२४ अंशांची वडी

चि. मुक्ता,


घरी काढलेल्या खोबरेल तेलात कोको कालवून वड्या करायच्या, गणपतीला येणाऱ्यांच्या हातावर ठेवायच्या आणि जमलं तर पुढे विकायच्या, हा तुझा बेत कळला. बेत उत्तम आहे. पण या वडीत जिन्नस मोजके, त्यामुळे एक जरी बिघडला तरी तो झाकायला दुसरं काही नसतं. प्रत्येकाचा स्वभाव आधी ओळखून घे.

सुरुवात तेलापासून. ओल्या नारळाचा रस कढवून काढलेल्या तेलाला कोकणात आवेल म्हणतात. त्यासाठी नारळ चांगला जून हवा. कोवळ्यात पाणीच फार. खोबरं खवून, मिक्सरमधून काढून, पंच्यात घट्ट पिळायचं आणि तो दाट रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवायचा. बराच वेळ नुसतं पाणी उकळत राहतं. मग रस फुटतो, कडेने तेल सुटू लागतं, तळाशी बेरी जमते. ती बदामी झाली आणि कढईतली तडतड थांबली, की पाणी आटलं असं समजावं. तोवर ढवळत राहायचं, आच वाढवायची नाही. तेलात थोडंसं पाणी राहिलं तरी ते लवकर खवट होतं. या तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते सुटं झालं की तेलाला साबणाची चव येते. म्हणून गाळलेलं आवेल खडखडीत कोरड्या बरणीतच भर.

आता कोको. नेदरलँड्समधल्या व्हान हौटेन कुटुंबाने १८२८ साली कोकोच्या लगद्यातला बराचसा स्निग्धांश दाबून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. उरलेली पेंड दळली की कोको पावडर. म्हणजे पावडरीतून जो स्निग्धांश निघून गेला, त्याच्या जागी तू आवेल घालणार आहेस. सारा फरक इथेच पडतो. कोकोचा स्निग्धांश साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून चॉकलेटची वडी हातात टिकते आणि तोंडात विरघळते. खोबरेल तेल २४ अंशांनाच पातळ होतं. कोकणात भाद्रपदातही हवा याहून उबदार असते, वैशाखाचं तर विचारूच नको. तेव्हा या वड्या फ्रीजमधून काढायच्या आणि लगेच खायच्या. ताटात मांडून आरतीभर ठेवायच्या नाहीत.

प्रमाण असं: १०० ग्रॅम आवेल, ५० ग्रॅम कोको, ५० ग्रॅम दळलेली खडीसाखर, चिमूटभर मीठ. तेल कोमट करून त्यात कोको आणि साखर चाळून घालायची. साखर तेलात विरघळत नाही, म्हणून ती वस्त्रगाळ हवी, नाहीतर दाताखाली कचकच लागते. गूळ घालायचा तर कोरडी गूळपावडर पुन्हा बारीक करून घे. मध टाळ, त्यात पाणी असतं, ते तेलाशी मिळत नाही आणि मध तळाशी बसतो. मिश्रण साच्यात ओतण्याआधी जरा घट्ट होऊ दे, म्हणजे कोको खाली बसणार नाही. फ्रीजमध्ये अर्ध्या तासात वड्या धरतात.

स्वादासाठी व्हॅनिलाच्या मागे लागू नकोस. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी लावण्याची ‘लाखी बाग’ रुजवली. किसलेलं जायफळ आणि कोको यांचं छान जमतं. कोको मात्र बाहेरून येणार. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत तो माड-पोफळींच्या सावलीत आंतरपीक म्हणून होतो.

सगळं नैसर्गिक आहे म्हणून कितीही खावं, असं कुणाला सांगू नकोस. वरच्या मापात १० ग्रॅमच्या २० वड्या होतात आणि प्रत्येकीत ५ ग्रॅम तेल जातं. त्यातला चार ग्रॅमहून जास्त भाग संपृक्त मेद. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाच्या आहारात असा मेद दिवसाला सुमारे २२ ग्रॅमच्या आत हवा. पाच वड्यांतच ती हद्द गाठली जाते. एकदोन वड्या पुरे. आजोबांना कोलेस्टेरॉलची औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

विकायला काढशील तेव्हा एक गोष्ट पाळ. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत, कोकोचा सोडून दुसरा वनस्पतिजन्य स्निग्धांश ५ टक्क्यांहून अधिक असलेल्या पदार्थाला नुसतं ‘चॉकलेट’ म्हणता येत नाही, आणि तुझ्या वडीत तर निम्मं खोबरेल तेल आहे. ‘खोबरेल-कोको वडी’ असं सरळ नाव ठेव. घरगुती उद्योगालाही नोंदणी लागते, ती आधी करून घे. आणि प्रत्येक डब्यावर जिन्नस, केल्याची तारीख आणि ‘फ्रीजमध्ये ठेवा’ ही सूचना ठळक अक्षरांत लिहीत जा.

तुझी,
आत्या