पहाटे डोंगर, रात्री नाटक : दोघांसाठी खानदेशची उन्हाळी भटकंती

उन्हाळ्यात खानदेशात जातोय म्हटलं की घरचे आधी पंखा-कूलरची चौकशी करतात. ते बरोबरच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तरीही नाटकाचं आणि रानवाटांचं वेड असलेल्या जोडप्याला मी हेच दिवस सुचवेन. चैत्र-वैशाख हा इथला जत्रांचा हंगाम, म्हणजेच तमाशाचाही. शिवाय पानगळ झालेल्या रानात कड्यांची ठेवण आणि फांदीवरचा पक्षी आडपडद्याशिवाय दिसतो. वेळापत्रक मात्र उन्हालाच ठरवू द्यायचं. साडेपाचला पायवाटेवर, नऊच्या आत खाली, दुपारभर सावलीत झोप आणि दिवस मावळला की नाटक.

तारखा पंचांग बघून ठरवा. धुळ्यात पांझरेकाठची एकवीरा देवीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांचा यात्रोत्सव होतो. वैशाख शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. मधे अक्षय्य तृतीया, म्हणजे इथली आखाजी. तेव्हा लेकीबाळी माहेरी निघालेल्या असतात आणि एसटीत उभं राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून आरक्षण आधीच करून ठेवा. पण आखाजीला कुणाच्या घरी खापरावरचे मांडे आणि आमरस खायचं आमंत्रण असेल, तर गर्दी सोसूनही जा.

सुरुवात जळगावात करावी. मुंबई-पुण्याच्या नाटकांचे दौरे आले की प्रयोग बहुधा महाबळ परिसरातल्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात लागतात. उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी प्रयोग असेलच असं नाही. म्हणून आधी नाटकाचं तिकीट, मग खोली, हा क्रम ठेवा. स्थानिक संस्थांच्या जाहिराती तिथल्या वर्तमानपत्रांत बघा. 'परिवर्तन' या जळगावच्या संस्थेचं 'नली' हे एकलनाट्य महाराष्ट्रभर पोचलं. अशा मंडळींचा प्रयोग तुमच्या तारखांना असेल, तर दौऱ्यावरचं नाटक सोडून तोच बघा. या मातीतली माणसं त्यांच्याच बोलीच्या लयीत ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. शहरात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृहही आहे. नारायण राजहंसांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे झालं होतं. सकाळचा वेळ रिकामा असेल तर एरंडोलजवळच्या पद्मालयाला जाऊन या. टेकडीवरचं गणपतीचं देऊळ, कमळांचं तळं आणि भोवती जंगल.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो पाटणादेवीला. मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या चाळीसगावहून हे ठिकाण १८ किलोमीटर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. चंडिकादेवीचं यादवकालीन दगडी देऊळ मधोमध आणि तिन्ही बाजूंनी उभे कडे. रिक्षा किंवा गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवा. पहाटे पाचला ऐनवेळी काही मिळत नाही. धवलतीर्थ आणि केदारकुंडाचे धबधबे या दिवसांत कोरडे असतात, तेव्हा त्यांच्या पावसाळी फोटोंवर जाऊ नका. त्याऐवजी कन्हेरगड करा. वाटेत नागार्जुन लेणं आणि सीतान्हाणी लागते. बहावा फुलला असेल तर करड्या उतारावर पिवळे घोस लांबूनच दिसतात. साग निष्पर्ण असतो, पायाखाली त्याची पानं वाजतात, आणि तुम्ही थांबलात की दुसरं कुणीतरी चालल्याचा आवाज येतो. बहुधा तो पाचोळा उकरणारा सातभाईंचा थवा असतो. पण हे बिबट्याचं रान आहे, म्हणून अंधारात निघू नका. उजाडल्यावरच चालायला लागा आणि वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर आणि डोक्याला सुती उपरणं हवंच.

याच पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. गणिताची पाठशाळा या कड्यांखाली भरत होती, हे तिथे उभं राहून आठवताना ऊर भरून येतो.

दुपारी चाळीसगावात परत या आणि स्टेशनजवळचं केकी मूस यांचं कलादालन बघा. वेळ आधी विचारून घ्या. १९८९ साली वारलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्याची कित्येक दशकं याच घरात घालवली. टेबलावर मांडणी करून, प्रकाश पाडून तो अख्खा देखावा उभा करायचा. नेपथ्य आणि प्रकाशयोजना ज्यांना कळते, त्यांनी हे चुकवू नये.

चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा जातो. धुळ्यात नाटकासाठी राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर. पहाटेसाठी शहरापासून १० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा लळिंग. फारुकी राजवटीच्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेला हा किल्ला तासाभरात चढून होतो. वाटेवर सावली जवळजवळ नाही. खालच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे थांबले होते.

जत्रेतला तमाशा पहिल्यांदाच बघत असाल तर गण आणि गौळण चुकवू नका. बरेच पाहुणे वग सुरू होताना येतात आणि निम्मी रंगत गमावतात. बायकांची बसायची सोय कुठे आहे ते तिकीट घेतानाच विचारा, सतरंजी सोबत न्या, सुटे पैसे ठेवा. मोबाइलवर चित्रीकरण करू नका. रात्रभर नाचणाऱ्या-गाणाऱ्या कलावंतांचं पोट त्या तिकिटावर चालतं. प्रयोग पहाटेपर्यंत लांबू शकतो. त्या रात्रीनंतरच्या सकाळी लळिंग ठेवू नका. तो आदल्या दिवशीच उरकून घ्या.