चित्र अडखळतंय? आधी लॅपटॉपची नाडी बघा!

गॅदरिंगचा एचडी व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणायचा, रूमवर सगळ्यांना गोळा करायचं, प्ले दाबायचं... आणि आवाज पुढे, चित्र मागे! दोन पावलं चालतं, थांबतं, मग एकदम उडी मारतं. अशा वेळी रूममधले सगळेच डॉक्टर होतात. एक म्हणतो रॅम वाढव, दुसरा म्हणतो फॉरमॅट मार, तिसरा म्हणतो हा डबा विकून टाक. पण रोग कुठे आहे हे न बघता दिलेलं औषध खिशालाच महाग पडतं. म्हणून आज आपण इंजिनिअरसारखं बघू या, की अडखळणं नेमकं होतं कुठे.

दीडशे पट दाबलेलं चित्र

आधी थोडं गणित. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होतात. दोन तासांचा सिनेमा असा साठवला तर १ टेराबाइटच्या वर जाईल! प्रत्यक्षात फाइल ८ मेगाबिट वेगाची असेल तर ती सेकंदाला फक्त १ मेगाबाइट घेते. म्हणजे चित्र दीडशे पटींहून जास्त दाबलेलं असतं.

हे दाबण्याचं काम कोडेक करतो. प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवता तो "मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं" एवढंच लिहून ठेवतो. बघताना लॅपटॉपला ते परत उलगडावं लागतं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'डीकोड'ला मराठी शब्द पटकन सुचत नाही, आपण 'उलगडणं' म्हणू!) २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर प्रत्येक फ्रेम उलगडायला ४० मिलिसेकंद मिळतात. त्यात काम झालं नाही तर प्लेअर ती फ्रेम टाकून देतो. आपल्याला दिसणारी उडी ती हीच.

म्हणूनच एक गंमत होते. एनपीटीईएलचं लेक्चर त्याच लॅपटॉपवर लोण्यासारखं चालतं, कारण फळा आणि सर दोघेही फारसे हलत नाहीत. पण आमच्या करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरवर रोहित पक्ष्यांचा थवा उडतानाचा व्हिडिओ लावा. पाणी हलतंय, पंख हलतायत, कॅमेरा हलतोय. सगळंच बदललं, म्हणजे लिहिण्यासारखं जास्त, उलगडायलाही जास्त. कमळाभवानीच्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीवरून ड्रोन फिरवला तरी तेच.

लक्षणावरून रोग

१. शांत दृश्य नीट, धावपळीचं अडखळतं : उलगडण्याची ताकद कमी पडते आहे.
२. पहिली दहा-पंधरा मिनिटं नीट, मग बिघडतं : बहुतेक उष्णता.
३. ऑनलाइन बघताना गोल फिरत राहतो : नेटचा प्रश्न, लॅपटॉप निर्दोष.
४. कॅमेरा आडवा फिरताना हलका झटका, बाकी सगळं ठीक : हा रोगच नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि स्क्रीन ६० वेळा ताजी होणारी. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दिसते.

अंदाजावर थांबू नका, मोजा. व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्स मेन्यूत कोडेक इन्फर्मेशन उघडा. तिथे फाइल कोणत्या कोडेकची, किती मापाची, सेकंदाला किती फ्रेम, हे सगळं दिसतं. शेजारच्या स्टॅटिस्टिक्स टॅबमध्ये 'लॉस्ट' फ्रेमचा आकडा वाढत असेल तर चोर सापडला. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' बघा. त्यातही टाकलेल्या फ्रेमचा आकडा मिळतो. (जाता जाता, व्हीएलसीचा जन्म १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून झाला. आपल्या प्रोजेक्टकडे जरा आदराने बघा!)

औषध, स्वस्तापासून महागाकडे

पहिलं : चार्जर लावा, बॅटरी सेव्हर बंद करा. बॅटरी वाचवायला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो.

दुसरं : गादीवरून लॅपटॉप उचला. करमाळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि लॅपटॉप तीच गरम हवा आत ओढतो. हवेची जाळी धुळीने बुजली असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला जपायला वेग कमी करतो. लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करा. खर्च शून्य!

तिसरं : डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं तर फॉरमॅट मारल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचाच राहिला आहे. मग व्हिडिओ उलगडणारं खास सर्किट झोपून राहतं आणि सगळा भार सीपीयूवर पडतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

चौथं : व्हीएलसीत प्रेफरन्सेस, त्यात इनपुट-कोडेक्स, तिथे हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डीकोडिंग 'ऑटोमॅटिक' करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्येही ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण असतं, ते चालू ठेवा.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं : कोडेक आणि चिप यांची पत्रिका जुळते का ते बघा. एच.२६४ हा कोडेक २००३ चा, एच.२६५ २०१३ चा आणि एव्ही१ २०१८ चा. चिपमधलं सर्किट तिच्या जन्माच्या वेळचे कोडेकच ओळखतं. इंटेलचं उदाहरण घेऊ. २०११ च्या दुसऱ्या जनरेशनला एच.२६४ आरामात जमतं. एच.२६५ साठी पूर्ण सर्किट २०१५ च्या सहाव्या जनरेशनपासून आलं, १०-बिट एच.२६५ साठी सातव्यापासून, आणि एव्ही१ साठी २०२० च्या अकराव्यापासून. पत्रिका जुळली नाही तर रॅम कितीही वाढवा, फरक पडणार नाही.

एक खरी केस

आमच्या नात्यातल्या एका ताईचं लग्न झालं. व्हिडिओवाल्याने पेनड्राइव्ह दिला. घरात चौथ्या जनरेशनचा आय३ लॅपटॉप. आजी खास गावाहून बघायला आलेली, आणि अंतरपाटाच्या क्षणी नवरा-नवरी जागीच गोठले! दुकानात नेला तर निदान तयारच होतं, "हा संपला, चाळीस हजारांत नवीन घ्या." लग्नाच्या खर्चातून घर नुकतंच सावरत होतं. शिवाय ताईच्या धाकट्या बहिणीचा सगळा अभ्यास त्याच लॅपटॉपवर.

मी फाइलची माहिती उघडली. ३८४० गुणिले २१६०, एच.२६५, सेकंदाला ५० फ्रेम. म्हणजे ठिपके चौपट, फ्रेम दुप्पट, काम आठपट, आणि वेळ ४० ऐवजी २० मिलिसेकंद. वर सर्किट नाही! टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभर टक्क्यांवर. बिचारा लॅपटॉप जीव तोडून पळत होता. त्याची स्क्रीन तर १३६६ गुणिले ७६८ ची, ती ४के दाखवणार तरी कुठे?

हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. एच.२६४, १०८०पी, २५ फ्रेम असं सेट करून संध्याकाळी लावून ठेवलं. मूळ फाइल अर्थातच जपून ठेवली, कारण बदललेल्या प्रतीत थोडा बारकावा कायमचा जातो. अशा लॅपटॉपवर या कामाला खूप तास लागतात, मध्ये लाइट गेली तर बॅटरीचा भरवसा नाही, म्हणून फाइलचे तुकडे करून दोन रात्री घेतल्या. नंतर तोच व्हिडिओ अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत न अडखळता चालला. आजीने दोनदा बघितला. चाळीस हजार वाचले, आणि धाकटीचा लॅपटॉप तिच्याकडेच राहिला.

लक्षात ठेवा, नवीन लॅपटॉप कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी जनरेशन लागते. त्यामुळे जुन्या मशीनबद्दल विचार करावाच लागेल. पण तो विचार वेगळा आणि अडखळणारा व्हिडिओ वेगळा. निकामी आणि न जुळणारं यात फरक असतो, आणि तो फरक मोजून सांगणं हेच आपलं इंजिनिअरचं काम नाही का?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "डबा विकून टाक" म्हणालं, की आधी त्याला विचारा, "लॉस्ट फ्रेम किती?" बघा काय उत्तर देतो ते!