हिरव्या हाडांची खाण

मुलांनो, उर्दूत 'कान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण ऐकतो तो कान आणि धातू मिळतो तीही कान. मराठीत या दुसऱ्या 'कान'ला खाण म्हणतात. आज आपण तांब्याच्या एका जुन्या खाणीची माहिती घेऊ.

ब्रिटनमधील वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर लँडिड्नो हे गाव आहे. गावाशेजारी समुद्रात शिरलेला चुनखडीचा एक डोंगर आहे. त्याचे नाव ग्रेट ऑर्म. एकोणिसाव्या शतकापर्यंत येथे तांबे काढत असत. पुढे खाण बंद पडली आणि दगडमातीचे ढीग मागे राहिले. 1987 साली तेथे वाहनतळ करायचे ठरले. त्यासाठी जागेची पाहणी झाली, तेव्हा ढिगांखाली फार जुने बोगदे सापडले. ही खाण सुमारे 3,800 वर्षांपूर्वी सुरू झाली होती!

त्या काळी तेथील लोकांना लोखंड माहीत नव्हते. मग खडक फोडला कशाने? दगडी हातोड्यांनी आणि जनावरांच्या हाडांनी. येथील खडक काही ठिकाणी मऊ आहे. तो गाईबैलांच्या बरगड्यांनी उकरता येई. कठीण खडक विस्तव पेटवून तापवत. तो तडकला की हातोड्याने फोडत. या रीतीने माणसे सुमारे 70 मीटर खोल गेली. खाणीत 30,000 हून अधिक हाडे आणि हाडांचे तुकडे मिळाले. तांब्यामुळे त्यांतील अनेक हिरवी झाली आहेत.

या तांब्यात कथील मिसळून कांसे बनवत आणि त्याच्या कुऱ्हाडी ओतत. येथील तांबे समुद्रापलीकडे फ्रान्स आणि स्वीडनपर्यंत पोहोचले होते, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

आता एक गोष्ट नीट ऐका. यांतील काही बोगदे इतके अरुंद आहेत की तुमच्या वर्गातला सर्वांत बारीक मुलगाही तेथे अडकेल. मग तेथे कोण शिरत असेल? संशोधकांच्या मते पाच-सहा वर्षांची मुले! आपल्याकडे या वयाची मुले पहिलीत अलिफ-बे गिरवतात. ती मुले मात्र अंधारात पोटावर सरपटत जात आणि हाडाच्या टोकाने हिरवी माती उकरत. तेथे तेव्हा लिपी नव्हती, त्यामुळे त्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. बोगद्याची रुंदी एवढाच त्यांचा पुरावा.

1991 पासून ही खाण लोकांना पाहता येते. मोठी माणसे डोक्यावर टोप घालून रुंद वाटांनी आत जातात. अरुंद बोगद्यांपाशी ती थांबतात आणि वाकून आत पाहतात.