छोटी बाजारपेठ कशी ओळखावी?

प्रश्न : एफसी गोवा हा छोट्या बाजारपेठेतला संघ मानावा का? तसे असेल, तर जालन्याने व्यावसायिक फुटबॉलची आशा सोडावी का? – एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : नुसत्या लोकसंख्येवरून हे ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.६ लाख होती, तर एकट्या जालना जिल्ह्याची सुमारे १९.६ लाख. तरीही एफसी गोवा २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये टिकून आहे आणि २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उलट, कितीतरी मोठ्या पुण्यातला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू आणि प्रेक्षक घडवले; खरी बाजारपेठ ती.

यावर कोणी म्हणेल, पगार प्रेक्षकांच्या प्रेमातून निघत नाहीत, प्रायोजक तर महानगरांकडेच वळतात. हे खरे आहे, आणि म्हणून उत्पन्नाच्या दृष्टीने गोवा छोटीच बाजारपेठ आहे. पण नुसते महानगर असून भागत नाही, हे पुण्याने दाखवले. स्पेनमधल्या सुमारे ५० हजार वस्तीच्या विलारेआल शहरातल्या क्लबने २०२१ मध्ये युरोपा लीग जिंकली, तीही मालकाची गुंतवणूक आणि युवा अकादमी यांच्या जोडीमुळे. जालन्याने आशा सोडू नये. मात्र सुरुवात संघ विकत घेण्यापासून नव्हे, तर शाळांची मैदाने, प्रशिक्षक आणि दरवर्षी नियमित होणारी तालुका साखळी यांपासून करावी.