मशीन आधी सांगतं

आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत लोक मधल्या मजल्यांवर बसतात, पण इमारत चालते ती तळघरातून आणि गच्चीवरून. खाली चिलर, पंप, पाण्याच्या टाक्या. वर कूलिंग टॉवर. पुण्यात हिंजवडीकडे अशाच एका कंपनीच्या इमारतींची देखभाल मी बरीच वर्षं पाहतो आहे. थर्मोडायनॅमिक्स कॉलेजात शिकलो, बाकीचं ऑपरेटर मंडळींकडून. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी त्यातलं थोडं लिहितो.

१. लॉगबुक वाचणारा कोणी आहे, हे ऑपरेटरला कळू द्या.

रात्रपाळीचं पान उघडावं तर चिल्ड वॉटर ७.२ अंश, खाली ७.२, त्याच्याही खाली ७.२. एकाच पेनाने, एका दमात लिहिलेलं. झापून उपयोग होत नाही. दर तासाला ढीगभर रकाने भरायचे आणि त्यातल्या एकाबद्दलही कोणी कधी विचारायचं नाही, असं असेल तर तो तरी खरं कशाला लिहील? आधी रकाने कमी करा. वीज मीटर, पाण्याचा मीटर, रनिंग अवर्स असे चढते आकडे मात्र ठेवा. ते मनाने लिहिले तर पुढच्या पाळीवाल्याच्या आकड्याशी जुळत नाहीत. आणि रोज सकाळी एका तरी आकड्याबद्दल विचारा. ‘काल दोन वाजता करंट का वाढला होता?’ एवढं पुरतं. वही हळूहळू खरी होत जाते.

२. ‘गॅस कमी झालाय’ हे ऐकलं की आधी कंडेन्सर बघा.

एप्रिल-मेमध्ये चिलर ट्रिप झाला की पहिलं निदान हेच येतं. पण गॅस कमी असेल तर सक्शन प्रेशर उतरतं. इथे बहुतेक वेळा डिस्चार्ज प्रेशर चढलेलं असतं, आणि त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ट्यूबमध्ये साचलेले क्षार. घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी आणि आतल्या गॅसचं कंडेन्सिंग तापमान यांतला फरक रोज लिहून ठेवा. ट्यूब स्वच्छ असताना तो साधारण एक-दोन अंश असतो. आठवड्यामागून आठवडे तो वाढत चार-पाचवर गेला, तर मशीन केव्हापासून सांगतंय, आपणच ऐकत नव्हतो.

थर बसतो कसा, त्यातही एक गोम आहे. कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन निव्वळ पाणी जातं, क्षार मागे राहतात. म्हणून थोडं पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं, तो ब्लोडाउन. उन्हाळ्यात टँकर महाग झाले की ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह हळूच बंद केला जातो. पाण्याचं बिल पाहणारा खूश होतो. विजेचं बिल पाहणारा दुसऱ्या खात्यात बसतो आणि त्याला काही महिन्यांनी प्रश्न पडतो. दोन्ही बिलं एकाच टेबलावर ठेवून बघणारा माणूस प्रत्येक कंपनीत हवा. फार कमी ठिकाणी असतो. ट्यूब ब्रशिंग जानेवारीत उरकावं, लोड कमी असताना. मेमध्ये चिलर कोणी बंद करू देत नाही.

३. मेच्या शेवटी प्रत्येक एएचयूच्या (मजल्यावर थंड हवा फिरवणाऱ्या युनिटच्या) ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओता.

आमच्याकडे नव्या माणसाला हे काम विनोदी वाटतं. पण पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कॉइलवर फारसं पाणी धरत नाही आणि ड्रेनच्या यू-ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं. बहुतेक एएचयूत फॅन कॉइलच्या पुढे असतो, हवा ओढून घेतो. ट्रॅप कोरडा असला की ड्रेनच्या पाइपातूनही हवा आत ओढली जाते, आणि ती ट्रेमधलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कॉइलवरून धार लागते, ट्रे भरतो आणि पाणी फॉल्स सीलिंगवर येतं. मग सगळे गच्चीचं वॉटरप्रूफिंग तपासत बसतात!

बादली ओतली की ट्रॅप भरतो, आणि ड्रेन तुंबला असेल तर तेही तिथेच कळतं. ट्रॅपची खोलीही मोजून घ्या. फॅनचं सक्शन ५०० पास्कल असेल तर पाण्याच्या हिशेबात ते साधारण ५० मिलिमीटर झालं. ट्रॅप त्याहून उथळ असेल तर तो नसल्यासारखाच. तळघरातल्या सम्प पंपांचे फ्लोट स्विचही याच आठवड्यात हाताने उचलून पाहावेत.

४. फायर पंप ‘ऑटो’वर आहे ना?

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते द्याच. पण आग जानेवारी-जुलै बघून लागत नाही. पॅनलचा स्विच कोणत्या खुणेवर आहे आणि डिझेल पंपाची बॅटरी उचलते का, हे दर आठवड्याला स्वतः पाहा. लाइनमधला दाब टिकवणारा जॉकी पंप वारंवार सुरू होत असेल तर लाइन कुठेतरी गळते आहे. आवाज नको म्हणून तो मॅन्युअलवर टाकणारे लोक असतात.

५. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, करार मागच्या पानापासून वाचा. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हटलं तरी गॅस, कंट्रोलर कार्ड, बेल्ट वगळलेले असू शकतात. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि हातात धरून पाहा. बेअरिंग नुसतं झिजलंय की ग्रीस जास्त कोंबल्याने तापलंय, ते बऱ्याचदा त्यावर दिसतं.

६. खंडेनवमीला वही घेऊन फिरा.

वर्षभर पुसलं न जाणारं मशीन त्या दिवशी पुसलं जातं. झेंडूचे हार चढतात, पेढे येतात. पुसताना फाउंडेशनचा सैल बोल्ट, ग्लँडखालचा गंज, सोललेलं इन्सुलेशन, सगळं उघडं पडतं. पुसणाऱ्यालाच विचारत जा, तो जास्त सांगतो. एक विनंती: हळद-कुंकू पॅनलच्या दारावर वाहा, आत नको.

७. तक्रारी नकाशावर मांडा.

‘एसी चालत नाही’ ही तक्रार मेलमध्ये निव्वळ ओरड असते. मजल्याच्या नकाशावर ठिपका म्हणून मांडली की ती बोलू लागते. ठिपके पश्चिमेच्या काचेजवळ आणि दुपारी तीननंतरचे असतील तर ते ऊन. एकाच केबिनमध्ये असतील तर ती केबिन बहुधा मागाहून बांधलेली असते: पार्टिशन उभारणाऱ्याने डक्टचा नकाशा पाहिलेला नसतो, परतीच्या हवेला वाट उरत नाही आणि थर्मोस्टॅट बाहेरच्या भिंतीवर राहतो. तिथे तापमान कितीही उतरवा, बाहेरचे लोक कुडकुडतात आणि आतले साहेब घामाघूम.

तेव्हा तुम्ही अशा इमारतीत बसणारे असाल, तर पुढच्या वेळी हेल्पडेस्कला तीन गोष्टी सांगा: टेबलाचा नंबर, वेळ आणि वारा येतोय की नाही. आमचा माणूस थेट योग्य व्हॉल्व्हपाशी जाईल.