मृग उगवला, पण पुण्याच्या उजेडात

मार्गशीर्षातली अमावास्या. वेल्ह्याजवळच्या वाडीत मामाच्या अंगणात मी ट्रायपॉड उभा केला. मृग नक्षत्र उगवून वर चढतानाचे एकामागोमाग फोटो घेऊन त्यांचा टाइमलॅप्स व्हिडिओ करायचा होता, म्हणून कॅमेरा पूर्वेला. एक्स्पोजर 25 सेकंद, आयएसओ 3200. अंधारात स्क्रीनवरचा पहिला फोटो झगझगीत दिसला, मी हरखलो आणि आत जाऊन झोपलो.

सकाळी कळलं, सगळी रात्र वाया गेली होती. पुणं तिथून ईशान्येला. डोळ्यांना क्षितिजावर पुसटशी उजळी जाणवली होती. वाइड लेन्सने ती अर्ध्या आकाशभर पसरलेली दाखवली. दहाच्या सुमाराला शेतीची लाइट आली, शेजारच्या काकांनी मोटर चालू केली आणि विहिरीवरचा बल्ब थेट लेन्समध्ये आला. पुढच्या फ्रेममध्ये दव धरलं. मग नुसतं धुकंच.

काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर ते म्हणाले, "आरं, आधी बोलायचंस की! बॅटरीवर भागतं माझं." तेव्हापासून कुठेही गेलो तरी संध्याकाळी आसपासच्या घरांत जाऊन बोलून येतो.

सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे लांब एक्स्पोजरचा हव्यास. तारा सरकत असतो, म्हणून त्याचा उजेड सेन्सरच्या एका ठिकाणी थोडाच वेळ पडतो. शहराचा उजेड मात्र तिथेच साठत राहतो. वेळ वाढवत नेली की तारा रेघ होतो आणि मागचं आकाश पांढरं पडतं. आता मी 10 सेकंदांपासून सुरुवात करतो आणि स्क्रीनच्या चमकेवर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम बघतो. त्याचा उंचवटा डावीकडून एक तृतीयांशावर असला की पुरे. फोकस हाताने, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून. व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवा; तो ऑटोवर राहिला तर व्हिडिओत आकाशाचा रंग लुकलुकतो.

दवावर उपाय सोपा आहे. हात शेकायच्या उष्ण पुड्या मिळतात, त्यातली एक रबरबँडने लेन्सला बांधा. मात्र प्रकाशप्रदूषणाच्या फिल्टरवर पैसे घालण्याआधी विचार करा. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा उजेड ठरावीक रंगांचा, तो बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, तिथे फिल्टर फार काही करू शकत नाही.

जानेवारी 2024 मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला रात्रीचं अंधारं आकाश जपणारं भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, याचा मला फार आनंद आहे. पण दर अमावास्येला पेंचला कोण जाणार? म्हणून जवळचीच जागा निवडा आणि कॅमेरा घेऊन जाण्याआधी तिथे एक रात्र रिकाम्या हाताने जा. उजळी कुठल्या दिशेला आहे, किती उंच चढते, मध्यरात्रीनंतर उतरते का, ते वहीत लिहा. क्षितिजालगत आपण हवेच्या जाड थरातून बघतो, त्यामुळे तिथला भाग सर्वांत खराब. शहराकडे पाठ करा आणि लेन्स वर उचला.

पुढच्या वर्षी त्याच अंगणात पहाटे उठलो आणि कॅमेरा पश्चिमेला लावला. दर 12 सेकंदांना एक, अशा 300 फ्रेम, म्हणजे एक तास. तेवढ्यात आकाश 15 अंश फिरतं आणि 25 फ्रेमच्या वेगाने 12 सेकंदांचा व्हिडिओ होतो. त्यात मृग पश्चिमेला कलतो, मागोमाग व्याध तोरण्याच्या अंगाला उतरत जातो. विहिरीवर अंधार आहे. फक्त एकदा, दोन फ्रेमपुरती, बांधावरून काकांची बॅटरी चालत जाते. ती मी काढली नाही.