लढाई, संस्कृती आणि मुत्सद्देगिरी : 'सिव्हिलायझेशन' या खेळातून काय शिकता येतं?



मुलं मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर गेम खेळताना दिसली की आपण पटकन म्हणतो, "बंद कर ते, नुसती मारामारी!" पण सगळेच गेम सारखे नसतात. काही गेममध्ये नुसती मारामारी करणारा शेवटी हरतो. आजच्या पाठात अशाच एका खेळाची ओळख करून घेऊ. या खेळातून इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या तासाला बरंच काही शिकवता येतं.

खेळाची ओळख

'सिव्हिलायझेशन' म्हणजे संस्कृती किंवा सभ्यता. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तयार केलेला हा खेळ १९९१ साली पहिल्यांदा आला आणि पुढे त्याचे अनेक भाग निघाले. आपण इथे २०१० साली आलेल्या पाचव्या भागाबद्दल आणि २०१३ मध्ये त्याला जोडलेल्या पुरवणीबद्दल बोलणार आहोत.

खेळ इसवी सनापूर्वी ४००० मध्ये सुरू होतो. तुमच्याकडे वसाहत करायला निघालेली थोडी माणसं आणि एक योद्धा असतो. बुद्धिबळासारखी पाळीपाळीने खेळी करायची. शहर वसवायचं, शेती करायची, नवे शोध लावायचे आणि शेजाऱ्यांशी कसं वागायचं ते ठरवायचं. जिंकायचे रस्ते मात्र एकापेक्षा जास्त आहेत. सगळ्यांच्या मूळ राजधान्या काबीज करा, अवकाशयान पाठवा, संस्कृतीचा प्रभाव पाडा किंवा जगाच्या सभेत मतं मिळवा.

१. जिंकलं, पण पुढे काय?

मुलांना वाटतं, शहर जिंकलं की काम संपलं. खेळात खरं काम तिथून सुरू होतं. जिंकलेल्या शहराचं काय करायचं, असा प्रश्न खेळ विचारतो. तीन पर्याय असतात : मांडलिक म्हणून ठेवा, आपल्या राज्यात विलीन करा किंवा जाळून टाका.

मांडलिक ठेवलं तर तिथे काय बांधायचं ते तुम्हाला ठरवता येत नाही. विलीन केलं तर काही काळ तिथे बंड चालतं आणि न्यायालय बांधेपर्यंत लोकांची नाराजी जास्त राहते. ही नाराजी साऱ्या राज्याच्या खात्यात जमा होते. ती वाढली की लोकसंख्या वाढायची थांबते, सैन्याची ताकद कमी होते आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर बंडखोर उभे राहतात. शिवाय सैन्य पोसायला दर पाळीला सोनं लागतं ते वेगळंच.

थोडक्यात काय, तर जमीन तलवारीने मिळते, पण ती टिकवायला न्याय लागतो.

२. संस्कृती म्हणजे ढालसुद्धा

स्मारक, नाट्यगृह, संग्रहालय बांधलं की संस्कृतीचे गुण मिळतात. या गुणांवर राज्याची सीमा हळूहळू वाढते आणि नवी धोरणं स्वीकारता येतात. पुढे लेखक, चित्रकार, संगीतकार जन्माला येतात. त्यांच्या कलाकृती जपून ठेवल्या की परदेशांवर प्रभाव पडू लागतो.

इथे एक छान गणित आहे. तुमचा प्रभाव दुसऱ्या देशाने आजवर साठवलेल्या संस्कृतीपेक्षा जास्त झाला, की तो देश तुमच्या छायेखाली आला. म्हणजे ज्याने स्वतःची संस्कृती जपली, त्याच्यावर दुसऱ्याचा प्रभाव सहज पडत नाही. मुलांना विचारा, "आपली गाणी, आपल्या गोष्टी आपणच विसरलो तर काय होईल?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आणखी एक गंमत बघा. याच खेळात आधी झालेल्या लढायांच्या जागी पुढे पुरातत्त्वज्ञ उत्खनन करतात आणि सापडलेल्या वस्तू संग्रहालयात जातात. कालची रणभूमी आज इतिहासाचं साधन होते!

३. मुत्सद्देगिरी : शब्दांची ताकद

नकाशावर छोटी नगरराज्यं असतात. त्यांना मदत केली, भेट दिली की ती मित्र होतात. पण मैत्री केली आणि विसरलो असं चालत नाही. लक्ष दिलं नाही तर ती दर पाळीला थोडी थोडी ओसरते. पुढे जागतिक सभा भरते, तेव्हा हेच मित्र तुमच्या बाजूने मतं वाढवतात. एखाद्या देशाशी व्यापार बंद करायचा ठरावही तिथे येतो. सारखी युद्धं करणारा राजा तिथे एकटा पडतो, कारण युद्धखोर म्हणून सगळे त्याच्यापासून लांब राहतात.

तिन्हींचा तोल कसा साधायचा?

आता मुख्य मुद्दा. या तीन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. दुसऱ्या देशाने तुमच्यासाठी सीमा खुली ठेवली तर सांस्कृतिक प्रभाव वाढतो आणि व्यापारी मार्ग असला तर आणखी वाढतो. युद्ध पुकारलं की दोन्ही तुटतात. म्हणजे लढाईचा खर्च संस्कृतीच्या खात्यातूनही जातो.

पण उलटही खरं आहे. नुसती नाट्यगृहं बांधली आणि वेशीवर शिपाईच ठेवला नाही, तर शेजारचा राजा चालून येतो. म्हणून जाणता खेळाडू रक्षणापुरतं सैन्य ठेवतो, मैत्री जपतो आणि उरलेली शक्ती शाळा-कलांवर लावतो.

खेळ काय सांगत नाही?

मित्रांनो, हा भाग वगळू नका. २०१८ साली या खेळाच्या सहाव्या भागात कॅनडातल्या क्री आदिवासींचे नेते पाउंडमेकर यांना एक राजा म्हणून आणलं गेलं. त्यांचा भर मैत्री आणि व्यापारावर दाखवला होता. तरीही त्यांच्याच समाजाचे एक पदाधिकारी मिल्टन टूटूसिस यांनी आक्षेप घेतला. दुसऱ्यांच्या भूमी जिंकणं हे आमच्या लोकांचंही मूल्य होतं असा गैरसमज यातून पसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

खरा इतिहास काय आहे? १८८५ मध्ये कट नाइफ इथे कॅनडाच्या सैन्याने पाउंडमेकर यांच्या तळावर हल्ला केला. सैन्य माघार घेऊ लागलं तेव्हा पाउंडमेकर यांनी आपल्या योद्ध्यांना पाठलाग करू दिला नाही आणि पुढचा रक्तपात टळला. तरी सरकारने त्यांनाच दोषी ठरवून तुरुंगात टाकलं. १८८६ मध्ये ते वारले. कॅनडा सरकारने त्यांना निर्दोष जाहीर केलं ते २०१९ मध्ये, म्हणजे १३० हून अधिक वर्षांनी!

खेळात संस्कृतीला गुण असतात, जिंकलेल्या शहराला नाराजीचा आकडा असतो. त्या आकड्यामागची माणसं मात्र दिसत नाहीत. ती दाखवणं हे शिक्षकाचं काम.

वर्गात करून पहा (कॉम्प्युटर नको!)

साहित्य : चिंचोके आणि प्रत्येक गटाला तीन वाट्या.

- वर्गाचे चार गट करा. एकूण पाच फेऱ्या खेळायच्या.
- प्रत्येक फेरीला गटाला १० चिंचोके द्या. ते सैन्य, संस्कृती आणि मैत्री या वाट्यांत गटाने विचार करून टाकावेत.
- ज्याचं सैन्य दुसऱ्याच्या दुप्पट असेल त्याला हल्ला करता येईल. त्याला समोरच्याच्या संस्कृतीतले निम्मे चिंचोके मिळतील, पण पुढच्या प्रत्येक फेरीत त्याला दोन चिंचोके कमी मिळतील.
- दोन गटांनी मैत्रीच्या वाटीत प्रत्येकी निदान पाच चिंचोके जमवले आणि करार केला, तर बचावाच्या वेळी दोघांचं सैन्य एकत्र धरायचं.
- शेवटी ज्याच्या संस्कृतीच्या वाटीत जास्त चिंचोके, तो गट विजयी.

खेळानंतर विचारा

१. हल्ला करून तुम्हाला काय मिळालं आणि काय गेलं?
२. ज्यांच्यावर हल्ला झाला, त्यांना काय वाटलं?
३. मैत्री टिकवणं सोपं होतं की अवघड? का?

दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. हरलेल्या गटाला आधी बोलू द्या, जिंकलेल्यांनी फक्त ऐकायचं. उपक्रम करून पाहिला तर मुलांनी काय उत्तरं दिली ते नक्की कळवा.